घर किती फुटांचं, याआधी खिडकी किती फुटांची ते सांगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक आजी खोकल्यासाठी माझ्याकडे आल्या. विड्या वळण्यात आयुष्य गेलेलं. "तंबाखूचा खोकला आहे साहेब, जुनाच आहे," असं त्या म्हणाल्या आणि मीही ते मान्य केलं. खोकल्याचं औषध लिहून दिलं. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, तेव्हा औषध बदलून दिलं. साडेतीन-चार महिन्यांनी त्यांची सोळा वर्षांची नात आली. तिला संध्याकाळी ताप येत होता, वजन उतरलं होतं, खोकला थांबत नव्हता. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. मग आजींची थुंकी तपासली. तिथेही क्षयरोग.

घरात सात माणसं. दहा बाय बाराची एकच खोली, वर पत्रा, एक दार, आणि एकुलत्या एका खिडकीसमोर कपाट. आजी आणि नात एकाच अंथरुणावर झोपत. यातलं काहीही मी आजींना आधी विचारलं नव्हतं. ती चूक माझी होती. दोघी सहा महिन्यांच्या औषधांनी बऱ्या झाल्या, पण नातीचं दहावीनंतरचं एक वर्ष गेलं.

तेव्हापासून मी खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला घराबद्दल विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "घरच लहान आहे डॉक्टर, त्याला काय करणार?" या उत्तराशी माझं भांडण आहे. लहान घर हा आजार नाही. कोंडलेलं घर हा आजार आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मद्रासने दिलेलं उत्तर

नातीचं निदान झालं त्या दिवशी तिचे वडील म्हणाले, "हिला वेगळं ठेवायला खोली नाही. कुठेतरी दवाखान्यात ठेवून घ्या." हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे.

१९५६ मध्ये मद्रासला क्षयाच्या रुग्णांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्या काळी समज असा होता की क्षय बरा व्हायचा तर सॅनेटोरियम हवं, मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हवा. संशोधकांनी १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरं गरिबांची, दाटीची. जेवण बेताचं, आणि बरेच जण कामही करत होते. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. पुढे पाच वर्षं घरच्यांवरही लक्ष ठेवलं गेलं. रुग्ण घरी राहिला म्हणून कुटुंबाला जास्त लागण झाली, असं दिसलं नाही. जे नुकसान व्हायचं ते बहुतेक औषध सुरू होण्याआधीच झालेलं होतं.

या प्रयोगाने जगभरात क्षयाचे उपचार घरी आणले. लहान घरातल्या माणसासाठी त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो. एक, वेगळी खोली नाही म्हणून कोणाला घराबाहेर काढायची गरज नाही. नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षय असेल, तर नियमित गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा संसर्ग पसरण्याचा धोका खूप कमी होतो. दोन, खरा धोका निदान न झालेल्या खोकल्याचा आहे. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर 'विडीचा', 'धुळीचा', 'वयाचा' असं नाव न देता थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या. त्यांना प्रतिबंधक औषध मिळू शकतं.

हवा मोजायची कशी?

क्षयाचे जंतू खोकल्यातून बाहेर पडतात आणि बंद खोलीच्या हवेत काही तास तरंगत राहू शकतात. वारा खेळता असेल तर ते पातळ होतात, बाहेर जातात. ऊन त्यांना मारतं. म्हणून खोलीच्या आकाराइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व खोलीतली हवा किती वेळा बदलते याला आहे.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत एक सोपा हिशोब आहे. सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहावा भाग इतकी खिडक्यांची जागा हवी. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट, साधारण तीन बाय चारची खिडकी. सरकत्या काचेची खिडकी निम्मीच उघडते, हे हिशोबात धरा. आणि समोरासमोर दुसरी वाट नसेल तर वारा आत येऊन जाणार कुठे? दार, खिडकी आणि छताजवळचा झरोका अशा दोन-तीन वाटा हव्यात. झरोका बुजवून तिथे सामान ठेवणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे.

तंबाखू आणि झोप एकाच खोलीत

सोलापूरचं लहान घर हे नुसतं राहायचं घर नसतं. तिथे विडी वळली जाते, शिलाई मशीन चालतं. परदेशात काही लोक हौसेने चिमुकल्या घरात राहायला जातात, सामान कमी करून सुटसुटीत जगतात. आपल्याकडे त्याच जागेत तीन पिढ्या, सूप, पानांची गोणी आणि तंबाखू असतो. तंबाखूची धूळ श्वासात जाते, निकोटिन हाताच्या कातडीतून अंगात शिरतं. वळणारी बाई एकटी, पण ती हवा झोळीतलं बाळही घेतं.

इथे मी रुग्णाला दोष देणार नाही. विडी घरात वळली की कारखान्याला जागेचं भाडं आणि विजेचं बिल वाचतं, आणि तो खर्च त्या बाईच्या फुफ्फुसावर पडतो. सोलापूरच्या कामगारांनी घरांसाठी मोठा लढा दिला आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरकुलं उभी राहिली. रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरं दिली गेली. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीतून पक्क्या, स्वतःच्या घरात जाणं हे आरोग्याच्या दृष्टीने फार मोठं पाऊल आहे. पण तेव्हाच्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल गटासाठी घराची मर्यादा ३० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास होती. त्यात संसार मावतो, कारखाना मावत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जिथे जिथे कामगारांची वसाहत होते, तिथे दर काही घरांमागे हवेशीर, सावलीची सामायिक कामाची शेड घराइतकीच आवश्यक मानली पाहिजे, आणि तिचा खर्च कामगाराने नव्हे, मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे.

तोवर आपल्या हातात काय?

- कपाट खिडकीसमोरून हलवा. एवढ्या एका गोष्टीने बऱ्याच घरांत फरक पडतो.
- विडीचं काम शक्यतो ओसरीवर, दाराशी करा. झोपण्यापूर्वी तंबाखू डब्यात झाकून ठेवा आणि फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- खोकणाऱ्या माणसाचं अंथरूण खिडकीजवळ घाला. तोंडावर रुमाल धरायला सांगा. लहान मूल त्याच्या कुशीत नको.
- बंद खोलीत मच्छर कॉईल लावू नका. एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं. मच्छरदाणी स्वस्त आणि बिनधोक आहे.
- गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साईड साठतो. त्याला वास नसतो, आणि माणूस ओरडायच्या आधी बेशुद्ध पडतो.
- आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून घरात पिंप आणि रांजण असतात. डेंग्यूचा डास अंडं ते डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत पुरा करतो. भांडी झाका आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.
- एप्रिल-मेमध्ये पत्र्याला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग द्या. कूलर लावाल तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुपारी पत्र्याखाली एकटं ठेवू नका. गरगरणं, असंबद्ध बोलणं, अंग तापणं दिसलं तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

घर मोठं करणं तुमच्या हातात नसेल, माझ्याही हातात नाही. पण पुढच्या वेळी खोकला घेऊन याल तेव्हा घरात किती माणसं, किती खिडक्या, कोण कुठे झोपतं आणि कोणतं काम घरात चालतं, हे मी विचारीन. गर्दीत विचारायचं राहिलंच, तर तुम्ही आपणहून सांगा. आजींच्या वेळी मला ते कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.