पक्कं घर, कच्चं इन्सुलेशन

गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या पुण्याच्या सोसायटीत तीन रविवार एकाच विषयावर मीटिंग झाली. गच्चीवरच्या सोलर हीटरचं पाणी खाली येईपर्यंत कोमट होतं, तेव्हा पाइपला काळ्या फोमची नळी गुंडाळायची की नाही? मी इंजिनियर, म्हणून मला पुढे केलं. मीही कंडक्टिव्हिटी वगैरे शब्द फेकून भाव खाल्ला.

चौथ्या वीकेंडला मीटिंग चुकवून ऑफिसातल्या मित्राबरोबर नाशिक-त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाड्याला गेलो. जव्हारच्या वाटेवर आतल्या बाजूला त्याचा पाडा आहे. घरी दोन घरं. एक जुनं: कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, वर माळा आणि माळ्यावर पेंढा. शेजारी नवीन घरकुल: विटांच्या भिंती, सिमेंटचा कोबा, वर पत्रा. पाहुणा म्हणून मला अर्थातच नव्यात झोपवलं.

रात्री दोनला जागा झालो तो सकाळपर्यंत जागाच. चटईतून कोब्याचा गारठा थेट पाठीत. पहाटे पत्र्याला आतून दव धरलं आणि थेंब तोंडावर पडले. उठून जुन्या घरात गेलो तर सगळं कुटुंब तिथे! मित्राची वहिनी वीस दिवसांच्या मुलीला छातीशी धरून बसलेली.

"काकू, नवीन घरात का नाही झोपत?" मी विचारलं.

"पावसात गळत नाय, ते बरं हाय. पर थंडीत पोर गारठते तिथं."

झालं. माझं सगळं लेक्चर काकूंनी एका वाक्यात संपवलं.

उघड्या आकाशाखाली पत्रा रात्री आपली उष्णता वर फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पेंढ्यात मात्र हवा अडकून बसते. लोखंडातून उष्णता स्थिर हवेच्या साधारण दोन हजार पट सहज वाहते. आम्ही पाइपला जो फोम लावणार होतो, तोही अडकवलेली हवाच विकतो!

आता कुणी म्हणेल, शहरी माणसाला झोपडीचं कौतुक. नाही हो. पेंढा गळतो, त्यात उंदीर होतात, आग लागते, चुलीचा धूर डोळ्यात जातो. काकूंना पक्कं घर हवंच होतं आणि ते मिळालं हे उत्तमच झालं. माझा आक्षेप 'पक्कं' या शब्दाच्या अर्थाला आहे. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत पक्कं म्हणजे नेहमीच्या देखभालीत किमान ३० वर्षं टिकेल असं घर. किमान २५ चौरस मीटर, डोंगराळ भागात १ लाख ३० हजारांचं अनुदान. टिकण्याचा हिशेब आहे, पण रात्री आत किती गार होतं याचा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटच अर्धी लिहिली, मग टेस्टिंग पास होणारच.

आणि इथे हा चैनीचा प्रश्न नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव राज्यभर झालं. कमी वजनाचं बाळ गारठलं की दुधातून मिळालेली ताकद अंग गरम ठेवण्यातच खर्च होते, वाढीला उरत नाही. म्हणजे छत हाही पोषणाचाच भाग झाला.

उपाय रॉकेट सायन्स नाही. पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचा माळा घालायचा, तो वरून मातीने लिंपायचा. निजायच्या कोपऱ्यात कोब्यावर पेंढ्याचा जाड थर, त्यावर चटई. बांबू तिथलाच, हातही तिथलेच. फक्त हे घरकुलाच्या एस्टिमेटमध्ये एक ओळ म्हणून यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. काकूंनी ते स्वतःच्या खर्चाने का करावं?

परत आलो तर सोसायटीत फोमचा ठराव पास झाला होता. आता आमचं पाणी गरम येतं. नळ सोडला की दर वेळी तो पत्रा आठवतो.

या थंडीच्या आधी मित्राकडे माळा घालायला जायचं ठरलंय. तट्ट्या काकू निवडणार, मी फक्त हमाली करणार. असो, उद्या सोमवार!