पहिल्याच राऊंडला हरलास?

रविवारी आपल्याकडच्या एका बुद्धिबळ स्पर्धेला गेलो होतो. हॉलबाहेर एक वडील दहा वर्षांच्या पोराला झापत होते. "पहिल्याच राऊंडला हरलास? एवढं पेट्रोल जाळून आणलं ते यासाठी?" पोरगं १९०० रेटिंगवाल्यासमोर दोन तास टिकलं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

अहो, स्विस पद्धतीत पहिली फेरी अशीच लागते. रेटिंगप्रमाणे यादी करायची, मधोमध कापायची. ६० खेळाडू असतील तर पहिल्याचा डाव ३१ व्याशी. खालच्या अर्ध्यातले बहुतेक मार खाणारच.

बरं, जातं काय? ४०० गुणांनी वरचढ खेळाडूकडून हरलं तर फिडेच्या हिशोबात अशा लहान पोराचे जेमतेम ३ गुण जातात. जिंकलं तर ३६ च्या वर येतात. असा सौदा लातूरच्या आडतीतसुद्धा मिळायचा नाही!

तरी पालकांची मागणी काय, तर गट आणखी पाडा, आमच्या पोराला त्याच्या तोलाचेच द्या. म्हणजे घरोघरी ट्रॉफी. मार्कांची सवय पटावर आणली आपण. पुढे नववी लागली की पट माळ्यावर आणि पोरगं नीटच्या क्लासला. क्लासवर माझा राग नाही, माझीही मुलगी जाते. पण निदान तोवर तरी खेळू द्या.

नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकाला बातुमीला गेली तेव्हा तिचं मानांकन १५ वं होतं. ग्रँडमास्टरही नव्हती. दुसऱ्या मानांकनाची झू जिनर हरली, माजी विश्वविजेती तान झोंगयी हरली, आणि २८ जुलैला टायब्रेकमध्ये कोनेरू हंपी. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली, दिव्याचा जन्मच २००५ चा. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तिला कुणी सोपा गट काढून दिला होता का?

नांदेड-लातूरच्या आयोजकांना एकच विनंती. ओपन गट मोडू नका. आणि डाव संपला की वरच्या खेळाडूला दहा मिनिटं त्या पोरासोबत बसवा, कुठं चुकलं ते दाखवायला.

त्या पोराची स्कोअरशीट मी बघितली. माझा खेळ बेताचाच, म्हणून शेजारच्या कोचना दाखवली. ते म्हणाले, २७ व्या चालीपर्यंत डाव बरोबरीत होता. हे सांगायला बाहेर आलो तोवर वडिलांनी गाडीला किक मारली होती.