ठोका बाळाचा चुकला, आरोपी आई कशी?



गेल्या रविवारी बस्तीत स्वाध्याय संपल्यावर आम्ही चौघीजणी पायरीवर बसलो होतो. आठवा महिना लागलेली एक मुलगी आईबरोबर दर्शनाला आली होती. डॉक्टरांना बाळाचे ठोके मध्येच चुकल्यासारखे ऐकू आले, म्हणून पुढच्या तपासणीला पाठवलंय, असं तिची आई हळू आवाजात सांगत होती. आमच्यातल्या पहिलीनं विचारलं, "ग्रहण पाळलं नव्हतं का?" दुसरी म्हणाली, "लॅपटॉप पोटाशी घेऊन बसतात ह्या मुली, दुसरं काय होणार?" तिसरीनं सुस्कारा सोडला आणि निकाल दिला, "पूर्वकर्म गं बाई, कुणाला चुकलंय?"

चौथी मी. मी गप्प बसले. ती मुलगी खाली मान घालून चपला शोधत होती, तेव्हाही गप्पच. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. तिथं जे बोलायला हवं होतं ते आज इथं बोलते. थोडं कडक बोलणार आहे, आधीच सांगते.

दोन वर्षांपूर्वी हेच आमच्या घरात घडलं. दशलक्षण पर्व नुकतं संपलं होतं. सुनेला चौतिसावा आठवडा. नेहमीच्या तपासणीला मीच बरोबर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी पोटावर डॉपलर ठेवला. घोडा दौडावा तसा तो आवाज ऐकायला मला फार आवडायचा. त्या दिवशी घोडा अडखळला. दौड, दौड, दौड, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा दौड. बाईंनी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "ठोके अनियमित आहेत. बहुतेक काळजीचं नसेल, पण गर्भाच्या हृदयाची इको करून घ्या." त्यातलं 'बहुतेक' एवढंच आम्ही घरी घेऊन आलो, आणि ते रात्रभर कुणाला झोपू देईना.

सकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी गेली आणि फोन सुरू झाले. एकीनं चहाचा हिशेब विचारला, एकीनं मोबाइलचा. माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, दशलक्षणात तिनं एकही उपवास केला नाही, ते मी तेव्हाच बोलले होते." उपवास करू नको हे डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं. आणि मी? मीसुद्धा त्या सकाळी स्वयंपाकघरात म्हणाले, "एवढं ऑफिसचं टेन्शन घेऊ नको म्हणून किती वेळा सांगितलं." ती काही बोलली नाही. हातातला कप तिनं तसाच मोरीत ओतला. ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. म्हणून हा लेख इतर बायकांवर आहे असं समजू नका. पहिलं नाव माझंच आहे.

आता जे खरं आहे ते सांगते. इको करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून आम्हाला समजावलं, मी वहीत लिहून घेतलं.

पोटातल्या बाळाचं हृदय मिनिटाला साधारण 110 ते 160 वेळा धडधडतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक जागा असते, तिथून प्रत्येक ठोक्याचा विजेसारखा इशारा निघतो. कधी कधी दुसऱ्याच एखाद्या जागेवरून इशारा वेळेआधी सुटतो. मग एक ठोका लवकर पडतो, त्याच्यामागे थोडी पोकळी राहते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ठोका चुकला. शेवटच्या तीन महिन्यांत हे बऱ्याचदा आढळतं. शंभर गरोदर बायकांत एक-दोघींच्या बाळांचे ठोके असे अनियमित सापडतात, आणि त्यातले बहुतेक ह्याच साध्या प्रकारातले असतात. हृदयाची रचना ठीक असेल तर हे बहुतेक वेळा बाळंतपणाआधी किंवा नंतरच्या काही आठवड्यांत आपोआप थांबतं. औषध लागत नाही.

मग इको कशासाठी? कारण फार थोड्या बाळांत ह्यातूनच हृदय एकदम सुसाट धावू लागतं, मिनिटाला दोनशेच्या वर, आणि थांबत नाही. तसं बराच काळ राहिलं तर हृदय थकतं, बाळाच्या अंगात पाणी साठतं. ते धोक्याचं. त्यावरही उपाय आहे. आईला गोळ्या देतात, डिगॉक्सिन, फ्लेकेनाइड, सोटालॉल अशी औषधं आहेत, ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. म्हणजे औषध आई घेते आणि हृदय बाळाचं ताळ्यावर येतं. हे ऐकून मी थक्क झाले होते. हे सुसाट धावणं वेळेवर कळावं म्हणून दर आठवड्याला ठोके ऐकायला बोलावतात.

आणखी एक प्रकार ठोके फार मंद होण्याचा. वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. आईच्या रक्तात काही विशिष्ट प्रतिपिंडं असली, अँटी-आरओ म्हणतात त्यांना, तर असं होऊ शकतं. पुष्कळदा त्या आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, आपल्या रक्तात असं काही आहे हेही तिला ठाऊक नसतं. आता सांगा, ह्यात तिचा गुन्हा कोणता?

ह्या सगळ्या यादीत ग्रहण नाही. लॅपटॉप नाही. राहिलेला उपवास नाही. चहा-कॉफी बेतानं घ्या असं डॉक्टर सांगतात, पण दोन कप चहानं बाळाचं हृदय बिघडवलं असं आमच्या डॉक्टरांनी एकदाही म्हटलं नाही. ते निदान आमच्याच स्वयंपाकघरात झालं होतं.

आता कर्माबद्दल बोलते. ज्या तिसरीनं रविवारी निकाल दिला, ती माझ्यासारखीच वर्षानुवर्षं स्वाध्यायाला बसते.

आपला सिद्धांत काय सांगतो? जो जीव कर्म बांधतो तोच त्याचं फळ भोगतो. आईचं कर्म लेकराला भोगता येत नाही, लेकराचं आईला वाटून घेता येत नाही. मग "आईनं हे केलं म्हणून बाळाला असं झालं" हे वाक्य जैन तोंडातून निघतंच कसं? मी बी.कॉम. झालेली बाई आहे. एकाचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडला तर आम्ही त्याला चूक म्हणायचो, आणि जाणूनबुजून टाकला तर अफरातफर. तुम्ही जे करता ते कर्माच्या वहीतली अफरातफर आहे.

दुसरं असं, की कोणाच्या कोणत्या कर्माचा उदय आहे हे ओळखायला ज्ञान केवढं लागतं? पायरीवर बसलेल्या चौघींना ते कधीपासून व्हायला लागलं? कर्मसिद्धांत हा मी स्वतःकडे पाहावं म्हणून आहे, दुसरीच्या पोटाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. घाबरलेल्या मुलीला टोचून बोलणं ही हिंसाच आहे. पाणी गाळून पितो, मुंगी वाचवून चालतो, आणि जीभ मात्र मोकळी सोडतो.

तिसरं औषधाचं. "देवावर विश्वास ठेवा, कशाला त्या तपासण्या, आधी विधान करून घ्या, मग बघू," असाही सल्ला आम्हाला आला. आपल्याकडे दान चार सांगितली आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. औषध देणं हा जर धर्म, तर औषध घेणं अविश्वास कसा? आणि अभयदान म्हणजे तरी काय? घाबरलेल्याची भीती काढणं. ते दान पायरीवर बसल्याबसल्या फुकट करता आलं असतं. आम्ही उलट भीती वाटली. णमोकार मंत्र मी त्या दिवसांत रोज म्हटला, त्यानं माझं मन थाऱ्यावर राहिलं. पण इकोची तारीख मी त्यासाठी एक दिवससुद्धा पुढे ढकलू दिली नाही.

दुसऱ्या टोकालाही घोटाळा असतो, तोही सांगते. माझा मुलगा घाबरून म्हणाला, "सिझर करून बाळ बाहेरच काढा ना." डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, चौतिसाव्या आठवड्यात काढलं तर अपुऱ्या दिवसांचे त्रास नक्की मागे लागतील, आणि ते कशासाठी, तर जे बहुतेक आपोआप जाणार आहे त्यासाठी. मग त्यानं ठोके ऐकायचं यंत्र विकत आणलं. तीन दिवस घरात तेच. कधी आवाज लागायचा, कधी सुनेच्याच नाडीचा आवाज बाळाचा समजायचो, कधी काहीच न लागून रडारड. डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, "घरच्या यंत्रावर आवाज आला म्हणून बाळ ठीक आहे असं समजू नका आणि नाही आला म्हणून रडू नका. बाळाची हालचाल मोजा. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. कमी वाटलं तर रात्र असो, सण असो, तेव्हाच या." यंत्र माळ्यावर गेलं. मी वहीत तारीख, वेळ आणि हालचाल असे तीन रकाने आखले. सून कुशीवर पडून सांगायची, मी काड्या मारायची. त्या वहीनं आम्हा दोघींना पुन्हा बोलतं केलं.

आता जे कधी लिहिलं नाही ते लिहिते. 16 फेब्रुवारी 1980 ला मोठं सूर्यग्रहण झालं होतं. शेजारच्या कर्नाटकात काही भागांत ते खग्रास दिसलं, आमच्या सांगलीकडंही भरदुपारी अंधारून आलं होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, पाचवा महिना चालू होता. दारं-खिडक्या लावून मला अंथरुणावर सरळ निजवलं होतं. मला मळमळत होतं, म्हणून मी उठून एक लिंबू चिरलं. सासूबाईंनी पाहिलं. वैशाखात, आठव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. का गेली हे कुणी सांगितलं नाही, तेव्हा गावात सांगण्याची सोयही नव्हती. घरानं कारण ठरवलं, लिंबू. पुढं मला मुलगा झाला, तो मोठा झाला, शिकला, त्याचं लग्न झालं. पण बावीस वर्षांच्या त्या मुलीनं ते लिंबू चाळीसच्या वर वर्षं मनात जपून ठेवलं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना कारण हवं होतं आणि हाताशी मी होते. तुम्ही आज सहज टाकलेलं वाक्य कुणी किती वर्षं वाहील ह्याचा अंदाज तुम्हाला नाही. मला आहे.

28 ऑक्टोबर 2023 च्या रात्री चंद्रग्रहण होतं. सुनेचे दिवस भरत आले होते. दुपारपासून वेध लागले म्हणून नणंदबाईंचे दोन फोन आले, तिला विळीला हात लावू देऊ नका. संध्याकाळी पाच वाजता, सूर्यास्ताआधीच्या जेवणाच्या वेळी, मी विळी मांडली आणि सुनेच्या समोर बसून लिंबू चिरलं. खोटं बोलत नाही, हात कापत होता. तिला काही सांगितलं नव्हतं. तिनं सरबताचा पेला घेतला आणि विचारलं, "आई, तुम्ही रडताय का?" त्या दिवशी पहिल्यांदा मी ती गोष्ट कुणाला सांगितली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात नात झाली. दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीत चार-दोन ठोके चुकलेले दिसले, दीड महिन्याच्या तपासणीत एकही नाही. आमचं चांगलं झालं. पण म्हणून मी हे लिहीत नाही. चांगलं झालं नसतं, तरी दोष माझ्या सुनेचा नसता. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण सगळ्यांच्या गोष्टीचा शेवट असा होत नाही आणि नेमक्या त्याच आयांना आपण सर्वांत जास्त बोलतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी अशी मुलगी समोर आली तर कारण विचारू नका. "टेन्शन घेऊ नको" असंही म्हणू नका, ते तिनं घेतलेलं नाही, तिच्यावर आलेलं आहे. विचारा, इको कधी आहे, बरोबर कोण जाणार आहे, घरच्या जेवणाचं मी बघू का. ह्यातलं काहीच जमत नसेल तर गप्प बसा.

आणि कोणी बोलत असेल तर गप्प बसू नका. मी बसले होते. त्या मुलीच्या आईचा नंबर मी काल मिळवलाय. हा लेख टाकून झाला की फोन करणार आहे.