बेणे पाहून लावतो, मग कॉलेज न पाहता का?



आषाढ सरत आला की आपल्या भागात दोन कामांची एकच घाई उडते. बांध्यांत रोवणी चालू असते आणि घरात बारावी झालेल्या पोरापोरींच्या प्रवेशाच्या याद्या लागत असतात. उसाचे शेवटचे बिल केव्हाच खर्चून गेलेले असते आणि पुढचे गाळप दिवाळीच्या आसपास. अशा हात आखडलेल्या दिवसांत चार वर्षांचा निर्णय चार दिवसांत करावा लागतो.

यंदा नागऱ्याला असेच एक घर आम्ही पाहिले. मुलीला शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीत एका लहान खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेची जागा मिळाली. दुसऱ्याच दिवशी नागपूरकडच्या तशाच एका लहान कॉलेजातून फोन आला. संगणकाची जागा आहे, संस्थास्तरावरची आहे, परवापर्यंत पैसे भरा. वडील म्हणाले, "त्यांनी होऊन बोलावलं जी, पोरीचं नशीबच म्हणा." आणि लगेच दुसरा प्रश्न, "उसावर काही उचल मिळते का?" मुलगी दाराशी उभी होती. तिने एवढेच विचारले, "तिथं फी माफ होते का?" तिला कोणी उत्तर दिले नाही.

आमच्या मते त्या घरात खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

फोन आला म्हणजे मान मिळाला, असे समजू नये. आज कित्येक लहान कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. जशी आपल्याला कॉलेजची गरज, तशीच कॉलेजला आपली. तेव्हा निवड त्यांनी आपली केली एवढ्यावर काम संपत नाही. आता आपण त्यांची निवड करायची असते.

पूर्वी हे असे नव्हते. 1958 साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, त्या काळी या भागात कॉलेज मिळणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खेड्यापाड्यातल्या पोरांना दार उघडले. त्यात सहकाराचा वाटा मोठा. वारणानगरसारख्या ठिकाणी कारखान्याच्या परिसरातच अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. म्हणून खासगी म्हटले की नाक मुरडणारे आम्ही नव्हेत. लहान कॉलेजात पोरगं आजारी पडलं तर मास्तरला कळतं, हेही आम्ही पाहिले आहे. पण दार उघडले तसे देणगीचे प्रकारही वाढले, आणि 1987 साली देणगी घेण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. प्रत्येक कॉलेजची फी हे प्राधिकरण ठरवते. त्याहून वेगळा आकडा कोणी तोंडी सांगितला तर पावती मागावी. पावती देत नसतील तर तिथून उठावे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. 2024-25 पासून शासनाने कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला ही माफी लागू नाही. म्हणजे एका फोनवर भुलून हातातली जागा सोडली असती, तर चारही वर्षांची माफी गेली असती. वसतिगृह आणि खाणावळ मात्र या माफीत येत नाही. तो खर्च दोन्हीकडे वेगळा धरावा.

कोणी म्हणेल, संगणकाला नोकरी आहे, विद्युतला काय आहे? हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण शाखेचे नाव पाटीवर असते, शिक्षण प्रयोगशाळेत असते. आपण 86032 चे बेणे आणतो तेव्हा नुसत्या नावावर आणतो का? मळ्यात जातो, ऊस मोडून पाहतो, डोळे फुगीर आहेत की नाही ते पाहतो, किडका कांडा बाजूला काढतो. ऊस फार तर दीड वर्ष रानात राहील. लेकरू चार वर्षे राहणार आहे, आणि तिथे मात्र आपण छापील कागदावरचे फोटो पाहून पैसे भरतो.

तेव्हा मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन स्वतः जावे. शक्यतो कामाच्या दिवशी जावे आणि वर्ग भरतात का ते पाहावे. त्या शाखेला कायम शिक्षक किती, हे विचारावे. एनबीए मानांकन शाखेवार असते, कॉलेजला आहे म्हणजे आपल्या शाखेला असेलच असे नाही. ऑफिसात विचारण्यापेक्षा फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारावे. मागच्या परीक्षेत किती जण पास झाले, नोकरी लागली ती कुठे आणि किती पगाराची, ते खरे सांगतात.

पैशाचेही सरळ बोलू. पीककर्ज पिकासाठी असते, ते फीला लावले की दोन्ही बाजूंनी खड्डा पडतो. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते. जमीन सावकाराच्या दारी नेण्याआधी बँकेत जावे. आणि घाईत चुकीच्या ठिकाणी पैसे भरले गेले, तरी अंतिम तारखेच्या आत लेखी अर्ज देऊन प्रवेश रद्द केल्यास 1000 रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. मूळ दाखले अडवून ठेवण्याचाही कॉलेजला अधिकार नाही.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण आपल्या घरातली आहे. मुलासाठी लांबचे कॉलेज पाहतो, कर्जही काढतो. मुलीसाठी मात्र जवळचे म्हणून पाहतो, चांगले म्हणून नाही. आमच्याही घरांत हे झाले आहे. जवळचे चांगले असेल तर उत्तमच, पण दोघांसाठी माप एकच असावे.

नागऱ्याच्या त्या बापलेकीने रोवणी दोन दिवस भावावर सोपवली आणि दोन्ही कॉलेजे पाहून आली. मुलीने विद्युतच घेतली. ते बरोबर की चूक, हे चार वर्षांनी दिसेल. पण तिने पाहून घेतली, आणि बापाला उचल मागावी लागली नाही.

कारखान्याकडे आमचे एवढेच मागणे आहे. ऊस नोंदणीसाठी गट कार्यालयात माणूस बसतो, तसा प्रवेशाच्या दिवसांत आठवड्यातून एक दिवस माहितगार माणूस बसवावा. फार खर्चाचे काम नाही. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांच्या घरी पुढच्या साली बारावी आहे, त्यांनी त्या दिवशी जरूर यावे.