हजेरी आहे, नेमणूक नाही

चाकण, वाळूज, सातपूर, तळोजा, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीच्या वेळी फाटकावर उभे राहिले तर भरती कशी होते ते दिसते. ठेकेदाराचा माणूस आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतो, कोऱ्या फॉर्मवर सही घेतो आणि पोरगा आत जातो. दुपारच्या आत तो मशीनवर उभा असतो. तुझा मालक कोण, असे त्याला विचारले तर तो कंपनीचे नाव सांगतो. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार म्हणतो, अजून ट्रायलवर आहे. त्याची हजेरी लागलेली असते, पण नेमणूक कोणीच केलेली नसते. किमान वेतन, ओव्हरटाइम, पीएफ, ग्रॅच्युइटी यांवरून पुढे जे तंटे होतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या पहिल्या दिवसात असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. संपाच्या अटी आणि कामगार कपातीची मर्यादा यांवर भरपूर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. त्या गदारोळात व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतले एक कलम मात्र दुर्लक्षित राहिले. नोकरीवर घेतलेल्या प्रत्येकाला मालकाने नेमणूक पत्र दिले पाहिजे, आणि आधीपासून कामावर असलेल्यांना ते मिळाले नसेल तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत दिले पाहिजे, असे ते कलम सांगते. या कलमाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. त्यातली उणीवही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. ही संहिता मुख्यतः दहा किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. गल्लीतले वर्कशॉप, सात-आठ जणांचे हॉटेल, छोटा पॅकिंग कारखाना हे तिच्या बाहेर राहतात. नेमणूक पत्राची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे.

एका कागदाने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचा लढा आठवावा. ही माणसे वर्षानुवर्षे शहराचा कचरा उचलत होती, पण कागदोपत्री ती कामगार नव्हतीच. त्यांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाई आणि मजुरीला ‘मानधन’. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे प्रकरण न्यायालयात नेले. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झाले. ठेकेदारी हा निव्वळ देखावा आहे, हे सिद्ध करण्याचा भार झाडू मारणाऱ्या माणसांवर पडला, आणि समोर होती देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका. कामावर घेतले त्या दिवशी खरे नाते कागदावर आले असते, तर त्यांच्या आयुष्यातली ही वर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली नसती.

खाजगी कारखान्यांत याच न झालेल्या नोंदीची किंमत बोटांनी मोजावी लागते. पॉवर प्रेसवर हात सापडतो, सहकारी त्या पोराला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात, आणि इकडे ऑफिसात घाईघाईने ईएसआयची ऑनलाइन नोंदणी सुरू होते. नेमणुकीची तारीख टाकली जाते ती अपघाताच्या दिवसाची. वर्षभर राबलेल्या माणसाची नोकरी अशा रीतीने कागदावर काही तासांची ठरते. वास्तविक दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि योजनेत मोडणाऱ्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकाला हे संरक्षण पहिल्या दिवसापासून आहे. मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. वीस कामगारांपासून लागू होणाऱ्या पीएफचेही तेच. ट्रायल, प्रोबेशन, हंगामी असे काहीही नाव दिले तरी पहिल्या दिवसाची जबाबदारी टळत नाही. नव्या संहितांत तर मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. पण रुजू झाल्याची तारीखच कुठे लिहिलेली नसेल, तर ते एक वर्ष मोजायचे कुठून?

ठेकेदार मध्ये आला म्हणून आपण सुटलो, हा कंपन्यांचा समज तर मुळातच चुकीचा आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते आणि नव्या संहितेतही आहे. संहितेने आस्थापनेच्या मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार लावण्यास बंदीही घातली आहे. तिला अपवाद इतके आहेत की निर्धार नसेल तर बंदी कागदावरच राहील. शिवाय कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा ५० वर गेली आहे. तेव्हा ४९-४९ माणसांचे चार ठेकेदार एकाच छपराखाली दिसू लागले, तर तो योगायोग मानू नये.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा नेमणुकीच्याही आधी सुरू होतो. समान कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे. तरी मुलाखतीत ‘लग्न कधी करणार’ आणि ‘मूल कधी’ हे प्रश्न आजही सर्रास विचारले जातात. २०१७ च्या दुरुस्तीने, नेमणुकीच्या वेळीच स्त्रीला प्रसूतिविषयक लाभांची लेखी माहिती देणे बंधनकारक केले. ही माहिती हातात पडलेली किती जणी आपल्या ओळखीत आहेत, हे वाचकांनीच विचारून पाहावे.

छोट्या उद्योजकांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. भोसरीतल्या वर्कशॉपचा मालक स्वतः लेथवर उभा असतो. रजिस्टर, रिटर्न आणि चलन यांसाठी कन्सल्टंट ठेवणे त्याला परवडत नाही. ज्या बड्या कंपनीला तो सुटे भाग पुरवतो, ती ४५ दिवसांच्या कायदेशीर मुदतीत त्याचे पैसे देईलच असे नाही. त्याच्यावर केवळ दंडाचा बडगा उगारून काही साधणार नाही. त्याला एक पानी, भरायला सोपा मराठी नमुना द्या. नव्या संहितांनी निरीक्षकाला सुविधा देणाऱ्याचीही भूमिका दिली आहे, ती इथे खरी करून दाखवता येईल. सुट्या भागाची जाडी दशांश मिलिमीटरपर्यंत तपासणाऱ्या बड्या कंपन्यांनी तो भाग घडवणाऱ्याकडे नेमणूक पत्र आहे का, हेही तपासावे. ती ताकद फक्त त्यांच्याकडे आहे.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराची भरती नेमणूक पत्रापासून फार दूर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. मुकादम स्वतःही अनेकदा वाहतूकदाराच्या देण्यात अडकलेला असतो. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाची मोकळीक हिरावणारा व्यवहार १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बेकायदा ठरवला आहे. बीड जिल्ह्यातून गाड्या निघतात तेव्हा प्रत्येक कोयत्याला कारखान्याचे नाव, तोडणीचा दर आणि उचलीची रक्कम लिहिलेला कागद मिळाला, तर हंगामाअखेरच्या हिशेबात त्या जोडप्याच्या हातात निदान काही आधार असेल.

राज्य सरकारने सुरुवात स्वतःपासून करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश निघाला आणि तरुणांच्या संतापापुढे ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तरीही सरकारी रुग्णालयांचे वॉर्डबॉय, महापालिकांचे सफाई कामगार आणि कार्यालयांचे सुरक्षारक्षक मोठ्या प्रमाणावर ठेकेदारामार्फतच येतात. त्यांच्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, निविदेत एक अट घातली तरी पुरे. प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत नेमणूक पत्र द्यावे, त्यावर ठेकेदाराबरोबर मूळ मालकाचेही नाव असावे, आणि त्याची प्रत व पीएफ-ईएसआयची चलने जोडल्याशिवाय ठेकेदाराचे पहिले बिल मंजूर होऊ नये. पुढच्या आर्थिक वर्षाच्या निविदा निघण्यापूर्वी कामगार विभाग आणि नगरविकास विभागाने हा आदेश काढावा.