भांडी कोण घासतं?

मुलामुलींनो,

गेल्या सुट्टीत मी नांदेडहून लातूरला ताईकडे गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी. पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. भाचा आठवीत, भाची दहावीत. दोघंही टीव्हीसमोर. जाहिराती लागल्या की भाचा लगेच चॅनल बदलायचा. मी म्हटलं, "थांब. आज उलटं करू. जाहिरातीच बघू."

"मामा, जाहिरातीत काय बघायचं हो?"

मी वही मागवली. पानावर दोन रकाने आखले. एकात 'बाई काय करते', दुसऱ्यात 'पुरुष काय करतो'. तासाभरात पान भरलं. बाई भांडी घासते, कॉलरचा मळ काढते, फरशी पुसते, पोरांच्या दुधात पावडर घालते, तोंडाला क्रीम लावते. पुरुष मोटारसायकल पळवतो, सिमेंटची भिंत बांधतो, विम्याचा हप्ता भरतो आणि नुसत्या बनियनवर गुंडांना लोळवतो! भाचीनं आणखी एक गंमत हेरली. फरशी बाई पुसत होती, पण ती कशानं पुसावी हे पांढरा कोट घातलेला पुरुष सांगत होता.

"मग काय झालं?" भाचा म्हणाला. "आपल्या घरी पण आईच करते की."

"हो ना," भाची म्हणाली. "आताही आई एकटीच पोळ्या लाटतीय. आपण तिघं मात्र इथं बसून वही भरतोय."

मी गप्प. काय बोलणार?

आता हे असं का, ते बघू. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. तेव्हापासून टीव्हीवरचे सेकंद विकले जातात. काही निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र बसवून, कोण कोणता कार्यक्रम बघतं हे मोजतात. त्यावरून कंपनी वेळ विकत घेते. मालिका बायका जास्त बघतात असा हिशेब, म्हणून तिथं साबण आणि मसाले. क्रिकेट पुरुष बघतात असा हिशेब, म्हणून तिथं टायर आणि मोटारसायकली. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात साबणाच्या कंपन्या गृहिणींसाठी रेडिओवर मालिका चालवायच्या. 'सोप ऑपेरा' हे नाव त्यातूनच पडलं.

ज्याला जे लागतं ते त्याला दाखवलं, तर बिघडलं कुठं? नुसतं दाखवलं तर काहीच नाही. पण माल खपवायला जाहिरात आधी एक भीती पेरते. बाईला सांगते, 'लोक तुला नावं ठेवतील.' पुरुषाला सांगते, 'तू मर्द दिसणार नाहीस.'

हे मी सांगत होतो आणि भाची आत गेली. कंपासपेटीतून एक छोटी ट्यूब घेऊन आली. गोरं करणारी क्रीम! गाईडसाठी दिलेल्या पैशांतून आणलेली. एका लग्नात कोणीतरी तिच्यादेखत म्हणालं होतं, "पोरगी हुशार आहे, पण रंगानं जरा..." तो 'जरा' तिच्या मनात रुतून बसला होता.

मग मी तिला या क्रीमची गोष्ट सांगितली. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ साली आली. तिच्या जाहिरातींत सावळी मुलगी नेहमी दुःखी. क्रीम लावली की तिला नवरा नाहीतर नोकरी मिळायची. एका जाहिरातीत तर बाप 'मुलगा असता तर' म्हणून हळहळतो. महिला संघटनांनी याविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ साली अशा जाहिराती बंद कराव्या लागल्या. पुढं २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीनं पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' काढली. तिच्या जाहिरातीत शाहरुख खान मुलाला हिणवतो, मुलींची क्रीम चोरून लावतोस? म्हणजे बघा, गोरेपणाचं वेड तेच, नुसती भीती बदलली!

पण बघणारे बोलले की जाहिरातीही बदलतात. जाहिरात क्षेत्रानं स्वतःवर लक्ष ठेवायला १९८५ साली मुंबईत एक संस्था काढली, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. तिच्याकडं तुम्हीआम्हीही तक्रार करू शकतो. काळ्या रंगाला कमी लेखू नये असा नियम तिनं २०१४ मध्ये केला. बाईची कामं आणि पुरुषाची कामं अशी साचेबंद चित्रं दाखवण्याबाबतचे नियम २०२२ मध्ये आले. 'फेअर अँड लव्हली'नं २०२० साली नावातला 'फेअर' काढून टाकला. १९९० च्या दशकात कॅडबरीच्या जाहिरातीत मुलगा षटकार मारायचा आणि मुलगी नाचत मैदानात यायची. २०२१ मध्ये तीच जाहिरात उलटी झाली. षटकार मुलीनं मारला, नाचला मुलगा!

भाचीनं सगळं ऐकलं. म्हणाली, "नाव बदललं मामा, पण ट्यूब तर तशीच विकतात."

खरं आहे. म्हणून तर वही हवी. अगं, आपल्या भागातली जमीन काळी, म्हणून तर कसदार. आपला विठोबाही सावळा. त्याच्या पायाशी डोकं ठेवणारी माणसं पोरीच्या रंगाला नावं कशी ठेवतात, हे मला अजून कळलेलं नाही.

ट्यूबचं तिनं पुढं काय केलं, ते मी विचारलं नाही. मात्र त्या रात्री ताटं भाच्यानं घासली. ओटाभर पाणी सांडलं, ताई ओरडली, पण घासली. मीही विसळू लागलो.

आता तुमची पाळी. एक संध्याकाळ, एक वही, दोन रकाने. आणि तिसरा रकाना तुमच्या घराचा. तो खरा खरा भरा आणि मला लिहून कळवा!

तुमचा,
मामा