ठेवीदारांचा विश्वास आणि कारभाऱ्यांची नीती

रिझर्व्ह बँकेने २०१० च्या सप्टेंबरात पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, तेव्हा सुमारे दोन लक्ष ठेवीदारांच्या ठेवी अडकून पडल्या. बनावट कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचे पुढे उघडकीस आले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. तेथेही बनावट कर्जांचाच आरोप. अकरा वर्षांत एकाच जिल्ह्यात दोन बँका बुडाव्यात, हा केवळ दैवदुर्विलास कसा म्हणावा?

बँकेची नीती निराळी आणि तिची कामगिरी निराळी, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ आहे. नफा, लाभांश व वाढत्या ठेवी दिसल्या की कारभार उत्तम, असे आपण धरून चालतो. परंतु बनावट कर्जाचे व्याज दुसऱ्या बनावट कर्जातून भरले, तर थकबाकी दिसतच नाही, आणि कागदावरील नफा मात्र वाढत जातो. अशा वेळी डोळे दिपविणारा ताळेबंद हेच लबाडीचे अपत्य असते. कर्जदाराच्या दारी जाऊन तो खरोखर आहे की नाही एवढे पाहणारा हिशेबतपासनीस येथे हवा. केवळ बेरजा जुळविणारा उपयोगाचा नाही.

याहून मोठे वैगुण्य सहकाराच्या घडणीतच आहे. नागरी बँकेत कर्ज घेणाऱ्यास भागधारक व्हावे लागते. ठेवीदारास व्हावे लागत नाही. म्हणजे ज्याचा पैसा त्यास मत नाही, आणि ज्यास पैसा हवा तो संचालक निवडणार! जे ठेवीदार सभासद आहेत, तेही वार्षिक सभेस क्वचितच फिरकतात, हेही येथे सांगितलेच पाहिजे.

१९६० साली केरळातील पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर १९६२ पासून ठेवींना १,५०० रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये ही मर्यादा एक लक्ष झाली व २०२० च्या फेब्रुवारीत पाच लक्ष. कर्नाळ्याच्या सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द करताना सांगितले, ते या वाढीव मर्यादेमुळेच. पेणकरांची बँक बुडाली ती मात्र लक्ष रुपयांच्या काळात. निर्बंध येताच नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची २०२१ ची तरतूदही तेव्हा नव्हती. या विम्याचा हप्ता प्रामाणिक बँकाही भरतात, हे विसरता येत नाही. म्हणूनच भरपाईचा मुख्य भार, ज्यांनी पैसा नेला त्यांच्या मालमत्तेवरच पडला पाहिजे. जप्त झालेल्या जमिनी विकून आलेली रक्कम प्रथम ठेवीदारांच्या हाती पडावी, अशी आमची मागणी आहे.